बॉनेटखालच्या टिकल्या

१

शनिवारी सकाळी डोंगरमाथ्यावरचं सगळं एल आल्तो शहर बाजारात असतं, नाहीतर अंथरुणात. एलिसेओ तार्की मात्र अंगणात गाडीचं बॉनेट उघडून ऊन यायची वाट बघत असायचा. इंजिन गार हवं, ऊन हवं, वारा नको, अशा त्याच्या अटी. त्यातली वाऱ्याची अट त्या उंचीवर कुणीही पाळणार नव्हतं, पण म्हणून ती मागे घेणाऱ्यातला तो नव्हता.

धंदा दातांच्या कवळ्या घडवायचा. त्यामुळे घरात जुन्या टूथब्रशांना तोटा नव्हता आणि स्वभावात चिकाटीला. आधी बॅटरीची काळी वायर सोडवायची. फ्यूजच्या डबीवर नि डायनामोवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून कानाकोपरे घासायचे, साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवायचा आणि शेवटी कोरडं फडकं. पाण्याची नळी त्यानं कधी लावली नाही. नळी लावणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी जपानी स्टेशन वॅगन. जुन्या गाड्यांच्या बाजारात घेतली तेव्हा बॉनेटखाली चिखल, तेलकट काजळी, आणि त्या काजळीत रुतलेल्या कागदाच्या रंगीत टिकल्या होत्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, मूठमूठभर. आधीच्या मालकानं कधीतरी गाडीचं शिंपण केलेलं. इथं सगळेच करतात. इंजिनावर दारू शिंपडायची, धरतीमायला चार थेंब पाजायचे, टिकल्या उधळायच्या, म्हणजे गाडी माणसाला घरी आणते. एलिसेओ घासून घासून थकला तरी दर शनिवारी कुठल्यातरी सांदीतून टिकल्या निघतच होत्या.

पायरीवर त्याची सासू, डोन्या बासिलिया, थंडीत सुकवलेले काळे बटाटे सोलत बसली होती. तिचे हात बटाट्यांवर आणि तोंड जावयावर चालायचं.

"टिकल्या काढताय होय, जावईबापू?"

"कचरा काढतोय, आई."

"कुणाचं तरी शिंपण आहे ते. दुसऱ्याचं धुण्याआधी आपलं करावं माणसानं."

"घाणीवर पूजा कोण करतं? आधी साफ होऊ दे. मग कोपाकाबानाच्या देवीकडे नेऊ, मग तुम्ही हवं तेवढं शिंपा."

"साफ, साफ! लोकांचे दात साफ करता करता काढून ठेवलेत तुम्ही."

"मी दात काढत नाही. मी बसवतो."

"तेच ते. मूळचे नसतातच ना."

इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यापर्यंत तो पोचला होता. जपानात चालक उजवीकडे बसतो, इथं डावीकडे. तिकडून आलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवतात आणि उजवीकडे पत्र्याला जे भोक उरतं ते झाकणी ठोकून बुजवतात. निम्म्या शहरातल्या गाड्यांना ती झाकणी असते. हिची तळहाताएवढी होती, आणि वेल्डिंग करायचं सोडून कुणीतरी ती स्क्रूंवर बसवली होती. अर्धवट कामाचा त्याला तिटकारा होता. तिकडे डावीकडे ब्रेकच्या तेलाच्या डबीखाली एक ओलसर डाग होता, तो त्यानं पुसला. मग झाकणी पुसायला हात लावला आणि मागे घेतला.

झाकणी कोमट होती. इंजिन रात्रभर अंगणात, टाकीच्या पाण्यावर बर्फाची साय, आणि झाकणी कोमट. पलीकडून कुणी तळवा टेकून उभं असावं तशी.

ऊन लागलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन अजून भिंतीवरच होतं.

२

दुसऱ्या दिवशी तेल बघायला बॉनेट उघडलं तर झाकणीभोवती टिकल्या पडलेल्या. काजळलेल्या नव्हे, कोऱ्या करकरीत. गुलाबीसुद्धा होत्या, आणि गुलाबी आजवर एकही निघाली नव्हती.

एलिसेओचं डोकं फिरलं. तो तसाच स्वयंपाकघरात गेला.

"आई, ही गंमत पुरे."

डोन्या बासिलिया जांभळ्या मक्याची पेज ढवळत होती. "कुठली?"

"काल मी चार तास घासलंय ते. तुम्हाला शिंपण करायची एवढी घाई असेल तर सरळ सांगा. चोरून टिकल्या कसल्या टाकता?"

"ते बॉनेट मला उघडता येतं का? त्या दाराची कडी उघडताना माझी नखं जातात!"

"मग काय आपोआप आल्या?"

"आल्या असतील. पोटात घेतलेलं तुम्ही ओरबाडून काढलंत, ते परत करतेय गाडी." तिनं पळी भांड्यावर आपटली. "आणि माझ्यावर आळ घेताना निदान आवाज खाली ठेवा. पोरगी झोपलीय."

पोरगी म्हणजे सेनोबिया, एलिसेओची बायको. सातवा महिना होता. याआधी दोनदा ते दोघं खालच्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले होते, आणि दोन्ही वेळा शेअर टॅक्सीत, परक्या माणसांच्या मांडीला मांडी लावून, एक शब्द न बोलता. गाडी घ्यायची ती त्यासाठी. परत तसं यायला लागू नये, आणि यायचं तर बाळाला घेऊन यावं. सेनोबियानं तळ्याकाठच्या कोपाकाबानाच्या देवीला बोलून ठेवलं होतं, की गाडी आणि पोट दोन्ही एकदम तुझ्या दारात आशीर्वादाला आणते. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं. कसलाही धक्का बसता कामा नये.

ती दारात येऊन उभी राहिली. "कशावरून भांडताय?"

"तुझ्या आईनं इंजिनात कार्निव्हल केलाय."

"आई काल दुपारपासून माझ्याजवळ होती, एलिसेओ."

त्यानं अंगणात जाऊन टिकल्या वेचल्या आणि मुठीत चुरगळून कचऱ्यात टाकल्या. झाकणीला मुद्दामच हात लावला नाही. ब्रेकच्या डबीखाली पुन्हा ओलं दिसलं, तेवढं मात्र पुसलं.

३

बुधवारी सेनोबियाला तपासणीसाठी खाली दरीतल्या ला पास शहरात न्यायचं होतं. ती उजवीकडे त्याच्या शेजारी बसली, पोटाखालून पट्टा लावला आणि डोळे मिटले. एल आल्तोहून खाली उतरणारा रस्ता म्हणजे एकच लांबलचक उतार, आणि त्यावर बाराही महिने मिनीबसवाल्यांची दंगल. एलिसेओ शिव्या घालत, ओठ चावत चालवत होता.

एका मिनीबसनं समोरून आडवी मारली. त्याचा पाय ब्रेककडे गेला, पण पोचायच्या आत पेडल खाली गेलेलं होतं. त्याच्या बुटाखालून पाण्यात दगड बुडावा तसं ते शांतपणे गेलं आणि गाडी मऊपणे थांबली. सेनोबियाला जागही आली नाही.

हवा भरली असेल तेलात, त्यानं विचार केला. हवा भरली की पेडल बसतं. मग पुढच्या वळणाला ते पुन्हा बसलं, तो पायच उचलायच्या आधी. त्याच्या पुढच्या वळणाला त्यानं पाय मुद्दाम मागे, सीटखाली ओढून धरला. पेडल खाली गेलं, नेमकं जिथं जायला हवं तिथंच, आणि वळण संपल्यावर वर आलं.

सर्वात जास्त चीड त्याला कशाची आली असेल, तर ब्रेक त्याच्यापेक्षा चांगला दाबला जात होता याची. त्याच्या हातून गाडी नेहमी हिसका देऊन थांबायची. ही थांबत होती पाळणा थांबवावा तशी.

"बघ," दवाखान्यापाशी उतरताना सेनोबिया म्हणाली, "आज किती छान चालवलीस. असंच चालव रोज."

येताना गॅरेजवाल्यानं डबीत वाकून पाहिलं, तेल थोडं कमी होतं ते भरलं, आणि सांगितलं, "बाकी काय! एवढं स्वच्छ इंजिन मी शोरूममध्येही नाही बघितलं. गळती असती तर डाग दिसला असता." एलिसेओला ते बोलणं जेवढं सुखावायला हवं होतं तेवढं सुखावलं नाही.

४

बाजारातल्या त्या पोराचं बोलणं त्याला आता आठवायला लागलं. गाडी विकणारा जेमतेम पंचविशीचा, दंडाला सुतकाची काळी फीत लावलेला, सारखा हातानं उजवा दरवाजा चोळत होता.

"बाबांची गाडी," तो म्हणाला होता. "उजवीकडूनच चालवायचे. सगळे हसायचे, पण स्टिअरिंग हलवू दिलं नाही. ते गेल्यावर मी बदलून घेतलं."

"कुठले तुमचे बाबा?"

"तळ्याकडचे. कोपाकाबानाच्या घाटमाथ्यावरचे. तो घाट त्यांना तोंडपाठ." मग घुटमळून म्हणाला होता, "बॉनेटमधलं तेवढं धुऊ नका, साहेब. आहे तसं राहू द्या. चालतंय."

त्या वेळी एलिसेओला फक्त राग आला होता. आपल्या आळसाला मेलेल्या बापाचं नाव देणारी पोरं त्याला मुळीच आवडत नसत.

आता शनिवार होता. उद्या कोपाकाबाना. बॉनेट उघडलं तर झाकणीच्या कडेनं टिकल्या ओघळून इंजिनावर सांडलेल्या. मूठभर नव्हे, सूपभर.

"वेल्डिंग करून बुजवून टाक," सेनोबिया पायरीवरून म्हणाली. "कशाला जीव काढतोस?"

"किडलेल्या दातावर टोपी चढवतं का कुणी? आधी आतलं साफ करायचं, मग बंद करायचं. नाहीतर आत सडतं."

"ही गाडी आहे."

"गाडीला काय कमी किडतं?"

त्यानं स्क्रू सोडवले. झाकणी निघाली तशी भोकातून उबदार हवेचा झोत तोंडावर आला, आणि त्याला तंबाखूचा, लोकरीचा नि दारूचा वास होता. मागं गालिच्याखालचा नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड थर, असायला हवा होता. ब्रश आत घातला, बाहेर आला तो टिकल्यांनी भरलेला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. तो वैतागून लांब दांड्याचा ब्रश घेऊन आला, खोल घातला, आणि मग तो ब्रश बाहेर येईना.

कुणी ओढत नव्हतं. नुसतं धरलं होतं. तोंडात साचा घालताना घाबरलेला रोगी दात मिटतो ना, तसं. एलिसेओनं ओढलं. पलीकडून तेवढंच धरलं गेलं, ना कमी ना जास्त.

"सोड," तो म्हणाला. आपण कुणाशी बोललो हे लक्षात येऊन त्याला स्वतःचाच संताप आला.

ब्रश सुटला. त्यानं वाकून भोकाला डोळा लावला. आत अंधार, त्यात खालच्या बाजूला एक टाच. टायर कापून केलेल्या वहाणेतली, भेगाळलेली टाच, जमिनीवर टेकलेली आणि चवडा वर उचललेला. ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याचा असतो तसा.

तो सरळ झाला. गाडीला वळसा घालून त्यानं उजवा दरवाजा उघडला. पायाशी गालिचा, गालिच्यावर सेनोबियाची विसरलेली छत्री. दुसरं काही नाही. पुन्हा भोकातून पाहिलं तर नमद्याची एक गुंडाळी लोंबत होती, काळी, भेगाळलेली. झालं. नमदाच. उंचीवर ऊन लागलं की डोळ्यांना काहीही दिसतं.

दरवाजा उघडाच होता म्हणून त्याला सीटखाली सुटलेली एक वायर दिसली. टोकाचा प्लग तिथंच, मोकळा. एलिसेओला सुटी वायर बघवत नाही. त्यानं ती जोडली. मग झाकणी घट्ट बसवली, इंजिन परत एकदा आरशासारखं पुसलं, ब्रेकच्या डबीखालचा ओला डागही पुसला, आणि हात धुवायला गेला. हात बराच वेळ धुतले.

५

"तू मागे बस," त्यानं रविवारी सकाळी सेनोबियाला सांगितलं.

"मागे का?"

"मागे धक्के कमी लागतात."

"मागे जास्त लागतात!" सासू म्हणाली. "मी आयुष्यभर मागे बसलेय, मला विचारा."

"आई, मी हात जोडतो."

दोघी मागे बसल्या. किल्ली फिरवली आणि गाडी किंचाळायला लागली. पीं, पीं, पीं. डॅशबोर्डवर सीटबेल्टचा लाल दिवा. एलिसेओनं आपला पट्टा ओढून पाहिला, पक्का होता.

मग त्याच्या ध्यानात आलं. कालची वायर. जपानात चालकाची सीट ती उजवीकडची, आणि त्या सीटचा पट्टा लावला नाही की गाडी ओरडते. रिकाम्या सीटसाठी. त्याला हायसंही वाटलं आणि तळपायाची आगही मस्तकात गेली. वायर काढायला खाली वाकला तर प्लग आता निघेना.

"बंद करा हो ते," सासू कानांवर हात ठेवून ओरडली. "नाहीतर मी चालत जाते कोपाकाबानाला!"

त्यानं हात लांब केला, उजवीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खटकन लावला. ओरडणं थांबलं.

"आता चालकाच्या जोडीला अजून एक चालक," डोन्या बासिलिया म्हणाली. "दोघं मिळून तरी नीट चालवा."

वाटेत तळं चिंचोळं होतं त्या सामुद्रधुनीपाशी गाड्या लाकडी तराफ्यावर आणि माणसं लाँचनं, असा नियम. दोघी लाँचकडे गेल्या. एलिसेओ गाडीत बसून तराफ्यावर चढला. तराफेवाला बांबूनं ढकलता ढकलता खिडकीशी आला.

"माणसं लाँचनं, साहेब."

"मी एकटाच आहे. गाडी कोण सांभाळणार?"

तराफेवाल्यानं आत पाहिलं, टोपीला हात लावला. "बरं, बरं. म्हाताऱ्यांना कशाला उतरवायचं थंडीत."

"कोण म्हातारं?"

पण तो तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. लाटेवर तराफा हेलकावला. एलिसेओनं उजवीकडे पाहिलं आणि पाहायला नको होतं असं त्याला वाटलं. सीट रिकामी. पण पट्टा सीटवर पडलेला नव्हता. तो सीटपासून चांगला वीतभर पुढे, ताणलेला, गोल होता, आणि संथपणे वर जात होता, खाली येत होता.

तो बाकीचा वेळ तळ्याकडे बघत राहिला. पट्टे जुने झाले की कडक होतात. हेलकाव्यानं हलतात. त्याला आणखीही कारणं सुचली. पलीकडच्या काठावर सेनोबिया हात हलवत होती, दुसरा हात पोटावर.

घाट चढून झाला, माथ्यावरची, वाटसरूंनी रचलेली दगडांची रास मागे पडली, कोपाकाबानाचा उतार लागला. पेडल आपलं आपण खाली-वर होत होतं. त्यानं विरोध सोडून दिला होता, पाय फक्त वर ठेवला होता. एका आंधळ्या वळणाअलीकडे ते अचानक खोल गेलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. "काय झालं?" मागून सेनोबिया म्हणाली. समोर रस्ता मोकळा होता. मग वळणावरून मालट्रक आला, त्यांच्या बाजूनं, सगळा रस्ता व्यापून, आणि त्यांच्या बंपरपासून हातभर अंतरावरून निसटून गेला.

मागे डोन्या बासिलियानं छातीवर क्रूस काढला.

"तुला कसं कळलं?" शेवटी सेनोबियानं विचारलं.

"ऐकू आला," एलिसेओ खोटं बोलला.

६

चौकात गाड्यांची रांग होती, सगळ्यांची बॉनेटं उघडी, सगळ्यांवर फुलांच्या माळा. पाद्रीबाबा बादली आणि फुलांचा झुबका घेऊन रांगेतून येत होते. एलिसेओचं इंजिन बघायला आजूबाजूचे चालक जमले. कुणी शिट्टी मारली. एकानं विचारलं, "ह्यात जेवता का हो तुम्ही?" एरवी तो फुशारला असता.

सेनोबियानं गुडघ्यावर बसून चर्चच्या दाराकडे तोंड केलं आणि पोटावर क्रूस काढला. उठली तेव्हा तिचा चेहरा असा निवांत होता की गेल्या दोन वर्षांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता. कशासाठी आपण हे सगळं करतोय हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिला असंच घरी न्यायचं. बास.

"चालक कोण?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"मी. एलिसेओ तार्की."

"आणखी कुणी चालवतं? सगळ्यांची नावं घेऊ."

सासू त्याच्याकडे बघत होती. तिची नजर उजव्या सीटवर गेली, परत त्याच्यावर आली. "सांगा ना, जावईबापू," ती हळूच म्हणाली. टोमणा नव्हता त्यात.

आठवडाभराची चीड एलिसेओच्या घशाशी आली. टिकल्यांची, झाकणीची, पेडलची, त्या तराफेवाल्याची. "कुणी नाही," तो म्हणाला. "ही माझी गाडी आहे. मी एकटा चालवतो. दुसऱ्या कुणाचा हिच्याशी संबंध नाही."

पाणी पडलं. सासूनं डाव्या चाकावर दारू ओतली, टिकल्या उधळल्या. बाटली घेऊन ती उजवीकडे वळली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. "तिकडं कशाला? चालक इकडं बसतो."

तेवढ्यात गाडी ओरडायला लागली. पीं, पीं, पीं. किल्ली लावलेलीच होती. त्यानं आत पाहिलं. उजवीकडचा पट्टा सुटून आपल्या जागी गुंडाळला गेला होता. दरवाजा किंचित उघडा.

त्यानं किल्ली काढली, दरवाजा लावला, इंजिनाशी आला आणि झाकणीवर तळवा ठेवला. गार होती, दगडासारखी. तिच्याभोवती सासूनं नुकत्याच उधळलेल्या टिकल्यांखेरीज एकही टिकली नव्हती. सुटकेनं त्याला हसूच आलं.

"चला," तो म्हणाला. "आता खरी साफ झाली."

७

परतताना सेनोबिया पुढे बसली. "आता झाला ना आशीर्वाद? मग ही जागा माझी." तिनं पोटाखालून पट्टा लावला. मागे डोन्या बासिलिया भाजलेल्या मक्याचे दाणे चावत होती.

घाट चढताना ब्रेक लागत नाहीच. वारा होता, ऊन होतं, खाली तळं निळंशार होतं. सेनोबिया म्हणाली की मुलगी झाली तर नाव देवीचं ठेवू. तो म्हणाला, ठेवू. मुलगा झाला तर? तेव्हा बघू.

माथ्यावर दगडांची रास आली. तिथून खाली सामुद्रधुनीपर्यंत नुसती वळणं. उतार लागला, गाडीनं वेग धरला, आणि एलिसेओनं सवयीनं पाय ब्रेकवर नुसता टेकवून पेडल आपणहून खाली जायची वाट पाहिली. ते गेलं नाही. अर्थात. आता दाबायला हवं, आपणच.

त्याआधी त्यानं आरशात पाहिलं. रास मागे पडत चालली होती आणि तिच्याशेजारी एक म्हातारा उभा होता. टोपीवर, खांद्यांवर रंगीत टिकल्या. पायांत टायरच्या वहाणा. कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी चुणी पडलेली, बराच वेळ पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या कोटाला पडते तशी. तो गाडीकडे बघत होता, घाईनं दोन पावलं पुढं आला, थांबला. मग त्यानं उजवा पाय उचलला आणि जमिनीवर दाबला.

एलिसेओनं ब्रेक दाबला. पेडल कुठंही न अडता तळाशी जाऊन टेकलं. त्यानं सोडलं, पुन्हा दाबलं. खाली काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर तो ओलसर डाग आला, दर वेळी आपल्या हातानं पुसलेला.

आरशात म्हातारा लहान होत चालला होता, आणि अजूनही दाबत होता, पुन्हा पुन्हा, सगळ्या अंगाचा जोर लावून, धूळ उडेपर्यंत.

"एलिसेओ," सेनोबिया पोटावर हात ठेवत म्हणाली, "हळू ना. वळण आलं."